एकच नोंद, चार घेणारे: फाइल पाठवण्याआधी नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका संस्थेकडे सभासदांच्या नोंदींचा मोठा साठा आहे. त्यातूनच संदेश पाठवणाऱ्या एजन्सीला, लेखापरीक्षकांना, एका संशोधन गटाला आणि भागीदार संस्थेच्या संगणकप्रणालीला वेळोवेळी माहिती द्यावी लागते. पाठवण्याआधी सगळ्यांसाठी एकच तपासणी चालवली जाते, ती बिनबोभाट पार पडते, आणि तरीही दर खेपेला कुणीतरी फाइल परत पाठवतं. मग एकच तपासणी का पुरत नाही, चूक सापडली की ती आपणच दुरुस्त करावी का, आणि किती टक्के चुका चालवून घ्याव्यात?

एकच तपासणी पुरत नाही, कारण "ही नोंद चांगली आहे" हे विधानच अर्धवट आहे. कोणासाठी आणि कशासाठी, हे ठरल्याशिवाय ते तपासताच येत नाही. एक काल्पनिक नोंद घ्या. सभासद क्रमांक आहे, नाव आहे, जन्मतारीख १ जानेवारी १९६५, मोबाइलचा रकाना रिकामा, सभासदत्व २०१९ मध्ये बंद, खात्यावर उणे २५० शिल्लक. एजन्सीला ही ओळ काही कामाची नाही, क्रमांकच नाही तर संदेश पाठवणार कुठे? लेखापरीक्षकांना मात्र हीच ओळ हवी आहे. ती गाळलीत तर त्यांची बेरीज जुळणार नाही आणि पहिलं पत्र त्याचंच येईल. संशोधकांना नाव नको, क्रमांक नको, फक्त वयोगट हवा. तो निघेलही, पण १ जानेवारी ही तारीख खरी की कुणी अंदाजाने टाकलेली, हे त्यांना कळायला हवं. भागीदाराच्या प्रणालीत मोबाइल सक्तीचा असेल तर ती ही ओळ नाकारेल, आणि प्रणाली कडक असेल तर एका ओळीपायी अख्खी फाइल परत येईल. नोंद तीच, निकाल चार.

सगळ्यांसाठी एकच चाळणी लावली की दोनपैकी एक होतं. ती सर्वांत कडक घेणाऱ्याच्या मापाची केली तर लेखापरीक्षकांच्या ओळी गळतात. सर्वांत सैल मापाची केली तर भागीदाराची प्रणाली फाइल परत फेकते. ग्रंथालयं आणि संशोधन-भांडारं या दुखण्यातून पूर्वीच गेली आहेत. डब्लिन कोअर या वर्णनपद्धतीत १५ मूळ घटक आहेत आणि त्यातला एकही सक्तीचा नाही. संशोधनाच्या माहितीला कायमचे ओळखक्रमांक देणाऱ्या डेटासाइट या संस्थेकडे नोंद पाठवायची तर ओळखक्रमांक, निर्माता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि साधनप्रकार हे सगळं असलंच पाहिजे. एकाच पुस्तकाची नोंद पहिल्या मापाने निर्दोष आणि दुसऱ्या मापाने अपुरी ठरते, आणि यात चूक दोघांचीही नसते.

म्हणून मी तपासणीचे तीन थर वेगळे ठेवतो. पहिला थर, घेणारा कोणीही असो, खऱ्याच असल्या पाहिजेत अशा गोष्टींचा. दुसरा, त्या त्या घेणाऱ्याच्या अटींचा. तिसरा, प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या फाइलचा. पहिल्या थरावर लोक भरपूर मेहनत घेतात, दुसऱ्यावर थोडी, आणि तिसऱ्यावर बहुधा काहीच नाही. परत आलेल्या फाइली उघडून पाहिल्या तर तक्रारी नेमक्या उलट क्रमाने असतात.

पहिल्या थराबद्दल फार लिहीत नाही, तो बहुतेकांना माहीत असतो. ओळखक्रमांक रिकामा नसावा आणि दोनदा येऊ नये. तारीख दिनदर्शिकेत असणारी असावी. सभासदत्व जन्माच्या आधी सुरू झालेलं नसावं. शाखेचा संकेतांक शाखांच्या यादीत सापडला पाहिजे. क्रमांकात तपासअंक असेल तर तो मोजून पाहावा. पुस्तकांच्या आयएसबीएनमध्ये किंवा कार्डक्रमांकांच्या लून पद्धतीत शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून निघतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टंकला गेला तर लगेच कळतं. हे नियम एकदा लिहायचे, एकाच जागी ठेवायचे, आणि साठ्यावरच चालवायचे. फाइल पाठवायचा दिवस उजाडेपर्यंत थांबायचं नाही.

दुसऱ्या थरासाठी प्रत्येक घेणाऱ्यागणिक एक पानाचा अटींचा कागद करा. मोठा दस्तऐवज नको, तो कुणी वाचत नाही. प्रत्येक रकान्यासाठी: नाव, अर्थ, सक्तीचा की ऐच्छिक, चालणाऱ्या किमती, एकक, तारखेचा साचा, आणि "माहिती नाही" हे कसं दाखवायचं. हा कागद घेणाऱ्याकडून मागू नका, तुम्ही लिहा आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं की "सगळं द्या" हेच उत्तर येतं. "हा रकाना रिकामा आला तर तुम्ही त्या ओळीचं काय कराल?" असं विचारलं की खरी माहिती बाहेर येते.

या कागदावर एक ओळ हमखास राहून जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: एक ओळ म्हणजे काय? एक माणूस, एक सभासदत्व, की एक व्यवहार? तुमच्याकडे एका माणसाची दोन सभासदत्वं असू शकतील आणि तुम्ही सभासदत्वागणिक ओळ पाठवत असाल, तर एजन्सी त्या माणसाला दोनदा संदेश पाठवेल आणि संशोधक त्याला दोनदा मोजेल. प्रत्येक रकाना बरोबर, प्रत्येक नियम पाळलेला, आणि निष्कर्ष चुकलेला. दोन तक्ते जोडताना हे नकळत घडतं: सभासदांच्या तक्त्याला पत्त्यांचा तक्ता जोडला, काहींचे दोन पत्ते निघाले, ओळी वाढल्या. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, शिवाय रकमांची बेरीजही घ्या. ओळी वाढल्याचं एखाद वेळी लक्षात येत नाही. वाढलेली बेरीज लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून ती आधी तुमच्या नजरेस पडू दे.

एककाचा रकानाही असाच वरवर फालतू वाटतो. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचल्यावर गमावलं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर आवेगाचे आकडे पाउंड-बल-सेकंदांत देत होतं, घेणारी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. सुमारे ४.४५ पटीचा फरक. आकडे आपल्या जागी नीट होते, फाइल वाचता येत होती, आणि फाइल वाचता येते याचाच अर्थ ती बरोबर आहे असा घेतला गेला. तुमच्याकडे यान नसेल, पण रक्कम रुपयांत की हजारांत, कालावधी महिन्यांत की दिवसांत, हा घोळ त्याच जातीचा.

अटी लिहून झाल्या की प्रत्येक अटीला वजन द्या. काही अटी मोडल्या तर फाइल जाताच कामा नये. काही मोडल्या तर ती ओळ बाजूला काढून बाकीची फाइल जाऊ शकते. काहींची नुसती मोजणी करून सोबत कळवलं तरी पुरतं. मोबाइल नसणं हे एजन्सीसाठी दुसऱ्या प्रकारात, लेखापरीक्षकांसाठी कुठल्याच प्रकारात नाही. नियम एकच, वजन वेगळं. म्हणून प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायची गरज नसते, नियमांची एक यादी आणि कोणाला कुठलं वजन याचा एक तक्ता पुरतो. एक्सएमएल या खुणा लावलेल्या मजकुराच्या साच्यात काम करणाऱ्यांना स्कीमाट्रॉन या नियम लिहिण्याच्या भाषेत हे आयतं मिळतं: तिथे नियमांचे गट करून 'फेज' नावाने हवा तो गट चालवता येतो.

जेसन साच्यातल्या माहितीचे नियम लिहिण्याची जेसन स्कीमा ही पद्धत वापरत असाल तर दोन खाचखळगे सांगून ठेवतो. पहिला: रकान्याला 'फॉरमॅट: डेट' असं लिहिलं म्हणजे तारीख तपासली जाते, असा सर्वांचा समज असतो. स्कीमाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'फॉरमॅट' ही मुळात फक्त माहितीची टीप धरली जाते. तपासणी करणाऱ्या साधनात ती मुद्दाम चालू करावी लागते. नाहीतर ३१ फेब्रुवारी बिनदिक्कत पास होते. तुमच्या साधनात काय होतं ते एक मुद्दाम चुकीची तारीख घालून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. दुसरा: स्कीमात नसलेला जादा रकाना आला तर डीफॉल्टने तो चालतो. 'अॅडिशनल प्रॉपर्टीज' बंद केल्याशिवाय तुमच्या साठ्यात उद्या कुणी वाढवलेला "आजार" नावाचा रकाना गुपचूप एजन्सीकडे जाईल आणि तपासणी हिरवा दिवा दाखवत राहील.

आता तिसरा थर, बाहेर जाणारी फाइल. साठ्यात सगळं ठीक असतं आणि फाइल लिहिताना, उघडताना किंवा पाठवताना बिघडतं. इथे सर्वांत मोठा वाटेकरी एक्सेल आहे, कारण सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल, नुसती डबल-क्लिक करून उघडली की ते आपल्या मनाने किमतींचा अर्थ लावतं. ००४५१२ हा संकेतांक ४५१२ होतो. आकडा म्हणून एक्सेल १५च सार्थ अंक धरतं, म्हणून १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. मग "जरा बघून घेतो" म्हणून उघडणारा माणूस सवयीने सेव्हही करतो, आणि तपासलेली फाइल व पाठवलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी होतात. जनुकांच्या नावांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: 'मार्च१', 'सेप्ट२' अशी संक्षिप्त नावं एक्सेल तारखांमध्ये बदलून टाकायचं, आणि २०१६ साली जीनोम बायॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असा बिघाड सापडला. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे शास्त्राने हात टेकले म्हणायला हरकत नाही.

ओळींची मर्यादा हे दुसरं. जुन्या एक्सएलएस साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोविडबाधितांच्या १५,८४१ नोंदी वेळेत पुढे गेल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या आणि मर्यादेपलीकडच्या ओळी कापल्या जात होत्या. त्या नोंदींच्या आशयात काही दोष नव्हता. त्या फक्त पोचल्या नाहीत, आणि किती पाठवल्या व किती पोचल्या हे दोन आकडे कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

प्रणालीकडून प्रणालीकडे एपीआयने, म्हणजे दोन प्रोग्रॅममधल्या थेट जोडणीने, पाठवतानाही सगळं आलबेल नसतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ म्हणजे दोनाच्या ५३व्या घातापर्यंतच अचूक धरले जातात. त्याहून मोठा ओळखक्रमांक आकडा म्हणून पाठवला तर पलीकडे शेवटचे अंक बदललेले दिसू शकतात. ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हेच, तो मजकूर म्हणून पाठवा: क्रमांक, संकेतांक, फोन, सगळं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पांडाज या माहिती हाताळणाऱ्या साधनसंचात सीएसव्ही वाचताना 'एनए' ही अक्षरं डीफॉल्टने रिकामी जागा धरली जातात, आणि नामिबियाचा दोन अक्षरी देशसंकेत नेमका तोच आहे. घेणारा कुठलं साधन वापरतो हे म्हणूनच विचारून ठेवायचं.

मराठी किंवा कुठल्याही देवनागरी मजकुराच्या नोंदींना आणखी एक अडचण असते, ती इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये क्वचितच सापडते. 'ऱ' हे अक्षर एका संकेतबिंदूने (संगणकातल्या अक्षराच्या क्रमांकाने) लिहिता येतं किंवा 'र' आणि खालचा नुक्ता असं दोन बिंदूंनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीचं एनएफसी हे प्रमाणीकरण चालवलं की हे दोन एक होतात. पण 'दऱ्या'मधला अर्धा ऱ काही कळफलक 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक असा लिहितात, आणि तो एनएफसीने एक होत नाही. तसंच 'अॅ' आणि 'ॲ': पहिल्यात 'अ'वर चंद्र चढवलेला आहे, दुसरं स्वतंत्र अक्षर आहे, आणि एनएफसी त्यांना एक मानत नाही. परिणाम असा की एकच आडनाव दोनदा यादीत दिसतं, दुबार नोंदी शोधणारा नियम गप्प बसतो, आणि घेणारा म्हणतो तुमच्या यादीत तीच माणसं दोनदा आहेत. यावर उपाय म्हणजे एनएफसी तर चालवाच, शिवाय अशा जोड्यांचा छोटा तक्ता करून तुलनेपुरतं एक रूप ठरवा. मूळ रकाना मात्र तसाच ठेवा. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसं असतं. आणि फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात, घेणारा एक्सेलमध्ये डबल-क्लिक करणार असेल तर सुरुवातीच्या बीओएम या न दिसणाऱ्या खुणेसह. नाहीतर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उघडते. तीच खूण दुसऱ्या एखाद्या प्रणालीत पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि "सभासद क्रमांक हा रकाना सापडला नाही" असा निरोप येतो. म्हणजे हीसुद्धा घेणाऱ्यागणिक अट, अटींच्या कागदावर लिहायची.

तिसऱ्या थराची तपासणी सोपी आहे आणि कंटाळवाणीही. फाइल लिहून झाली की ती बंद करा आणि वेगळ्या साधनाने, सगळे रकाने मजकूर म्हणून, परत वाचा. ओळींची संख्या, ओळखक्रमांकांचा संच, प्रत्येक रकमेची बेरीज, प्रत्येक रकान्यातल्या रिकाम्या जागा: हे चार आकडे साठ्यातून काढलेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. जुळले की त्याच क्षणी फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलच्या आशयावरून मोजलेली खूणओळ) काढून नोंदवून ठेवा. त्यानंतर कुणी फाइल उघडून सेव्ह केली तर ठसा बदलेल. मग "आम्ही हीच पाठवली होती" हा वाद उरत नाही.

जे नियमांत बसतं तरी संशयास्पद असतं, ते पकडायला वितरण पाहावं लागतं. जन्मतारखांच्या रकान्यात दिवस-महिना घेऊन कुठला किती वेळा येतो ते मोजा. स्वाभाविकपणे एखाद्या दिवसाच्या वाट्याला साधारण ३६५ मधला एक भाग यावा. १ जानेवारी त्याच्या कित्येक पट असेल तर त्या बहुतेक तारखा "वर्ष माहीत आहे, दिवस नाही" अशा लोकांच्या आहेत. १ जानेवारी १९७०चा ढीग दिसला तर ते संगणकाच्या घड्याळाचं शून्य आहे, कुणाचा वाढदिवस नाही. सगळ्या तारखा एक दिवस मागे सरकलेल्या दिसल्या तर मध्यरात्रीची स्थानिक वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलली गेली आहे. ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांना हा आजार नेहमीचा. आणि दर खेपेला मागच्या फाइलशी तुलना करा: ओळी, रिकाम्या जागांचं प्रमाण, प्रत्येक वर्गातली संख्या. मागच्या वेळी एका शाखेच्या नोंदी होत्या आणि या वेळी एकही नाही, हे कुठलाही रकानानिहाय नियम सांगत नाही, कारण न आलेल्या ओळीवर नियम चालत नाही.

गुणवत्तेच्या चर्चेत एक बाजू नेहमी मागे राहते: ज्याला जे नको ते त्याच्याकडे जाणं हाही दोषच आहे. २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. तिच्यात एक लपवलेलं पान राहून गेलं होतं, आणि त्यात ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची माहिती होती. दिसणारं पान अगदी बरोबर होतं. म्हणून बाहेर जाणारी फाइल साठ्यातून नव्याने, फक्त ठरलेल्या रकान्यांसह तयार करावी. कामाच्या फाइलमधून रकाने लपवून किंवा पुसून कधीही नाही. पिव्हॉट, म्हणजे एक्सेलचा गोषवारा दाखवणारा, तक्ता असेल तर त्याच्या पोटात मूळ ओळींची प्रत राहू शकते हेही लक्षात असू द्या. "शेरा" नावाचा मोकळा रकाना तर शक्यतो कुणालाच देऊ नका, तिथे लोक काहीही लिहितात.

संशोधकांसाठी नाव काढून टाकलं की झालं, असं नसतं. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख केवळ पिनकोडसारखा टपाल संकेतांक, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींवरून एकमेव ठरू शकते. त्यामुळे त्यांच्या अटींच्या कागदावर "वयोगट, टपाल विभागाचे पहिले काही अंक, आणि प्रत्येक गटात किमान इतकी माणसं" अशी अट हवी, आणि ती मोजून तपासायची. मोबाइल क्रमांकाचा हॅश (ठरलेल्या सूत्राने काढलेलं, मूळ क्रमांक न दाखवणारं रूप) करून दिला म्हणजे ओळख लपली, असाही एक गोड समज आहे. २०१४ साली न्यू यॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांची माहिती अशीच परवानाक्रमांकांचे एमडी५ या सूत्राने हॅश करून दिली गेली होती. शक्य असलेले सगळे क्रमांक मोजकेच असल्यामुळे सगळ्यांचे हॅश काढून मूळ क्रमांक उलगडले गेले. फोनक्रमांकांचंही तेच. आणि क्रम पाळा: दुबार नोंदी, तपासअंक, तारखांचा मेळ हे सगळं माहिती झाकण्याच्या आधी तपासायचं, कारण झाकल्यावर ते तपासताच येत नाही. झाकल्यानंतर पुन्हा, काही उघडं राहिलं का ते पाहायचं.

दुसरा प्रश्न: चूक सापडली की आपणच दुरुस्त करायची का? मी रेघ अशी ओढतो. अर्थाला धक्का न लावता रूप बदलत असेल तर खुशाल करा: मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढणं, एनएफसी, तारीख वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ क्रमात लिहिणं. अर्थ बदलण्याची शक्यता असेल तर हात लावू नका, जिथून नोंद आली तिथे परत पाठवा. ०३/०४/२०२१ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च हे त्या एका ओळीकडे पाहून सांगता येत नाही. त्या शाखेच्या सगळ्या तारखा एकत्र काढा. पहिल्या जागी १३ ते ३१ मधले आकडे येत असतील आणि दुसऱ्या जागी १२च्या वर काहीच नसेल, तर तिथे दिवस आधी लिहितात असं धरता येतं. दोन्ही जागी १२च्या वरचे आकडे सापडले तर त्या शाखेत दोन सवयींची माणसं आहेत, आणि मग अंदाज बंद, प्रश्न शाखेला.

आणि दुरुस्ती बाहेर जाणाऱ्या प्रतीत करू नका, साठ्यात करा. घाईच्या वेळी "फाइलमध्येच बदलतो, साठ्यात नंतर बघू" असं होतं, ते नंतर कधी येत नाही, आणि चार घेणाऱ्यांकडे एकाच माणसाच्या चार जन्मतारखा फिरत राहतात. न जमणाऱ्या ओळी गुपचूप गाळूही नका. त्या वेगळ्या फाइलीत कारणासह ठेवा, आणि पाठवताना सोबत तीन आकडे द्या: साठ्यात इतक्या, पाठवल्या इतक्या, रोखल्या इतक्या. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याएवढी यायला हवी. लेखापरीक्षकांना रोखलेल्या ओळींची रक्कमही लागेल.

किती टक्के चालतील, याला एक आकडा नाही आणि तो मागणाऱ्याला मी देतही नाही. नियमागणिक आणि घेणाऱ्यागणिक वेगळा. दुबार ओळखक्रमांक कुणासाठीच एकही नको. मोबाइल नसलेले सभासद एजन्सीसाठी कितीही चालतील, त्यांची संख्या कळली म्हणजे झालं. "आमची माहिती ९९ टक्के अचूक आहे" हे वाक्य ऐकलं की विचारा, रकान्यांची की नोंदींची? २० रकान्यांची नोंद असेल, प्रत्येक रकाना ९९ टक्के वेळा बरोबर असेल आणि चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील, तर संपूर्ण निर्दोष नोंदी सुमारे ८२ टक्केच निघतात.

शिवाय नियम पाळणारी नोंद खरी असेलच असं नाही. चुकीच्या माणसाचा पण नीट लिहिलेला मोबाइल क्रमांक सगळ्या तपासण्या पार करतो. ते शोधायला थोड्या नोंदी यादृच्छिकपणे उचलून मूळ अर्जाशी किंवा त्या व्यक्तीशी ताडून पाहाव्या लागतात. संख्याशास्त्राचा एक हाताशी ठेवण्याजोगा हिशेब आहे: ३०० नोंदी तपासल्या आणि एकही चूक निघाली नाही, तर चुकांचं खरं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे असं ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं. भागाकार साधा आहे, ३ भागिले तपासलेल्या नोंदी. फक्त त्या ३०० नोंदी खरोखरच चिठ्ठी टाकून उचललेल्या हव्यात. वरच्या ३०० घेतल्यात तर हा हिशेब लागू नाही.

पाठवून झाल्यावरचं काम राहिलं. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणती आवृत्ती, किती ओळी, कोणता ठसा, याची एक वही असू द्या. घेणाऱ्याकडून "मिळाली" एवढ्यावर समाधान मानू नका. त्यांनी त्यांच्या प्रणालीत भरल्यावर दिसणारी ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज मागा. उद्या एखाद्या सभासदाने जन्मतारीख दुरुस्त करून घेतली किंवा नाव काढून टाकायला सांगितलं, तर ही वहीच सांगते की कोणाकोणाला कळवायचं. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात १९व्या कलमाने हे बंधनकारकच आहे: दुरुस्ती किंवा खोडणी झाली की ज्यांना ज्यांना माहिती दिली त्यांना कळवायचं, अशक्य असेल किंवा त्यासाठी अवाजवी खटाटोप लागणार असेल तेवढाच अपवाद. दुरुस्ती कळवताना घेणाऱ्याची प्रणाली झेपवू शकत असेल तर फक्त बदललेल्या ओळी ओळखक्रमांक आणि कारणासह पाठवा, नसेल तर नव्या आवृत्तीक्रमांकाची पूर्ण फाइल आणि "आधीची रद्द समजावी" अशी स्पष्ट ओळ.

तुमच्या बाबतीत सुरुवात कुठून करायची, तर गेल्या काही खेपांमध्ये परत आलेल्या फाइली आणि त्यांच्यासोबतची पत्रं काढा. प्रत्येक तक्रार साठ्याची होती, घेणाऱ्याच्या अटीची होती की फाइलची, असे तीन ढीग करा. वर सांगितलेल्यातलं कुठलं काम आधी हातात घ्यायचं ते त्या ढिगांच्या उंचीवरून ठरवा. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला तर नवं साधन विकत घेण्याआधी फाइल परत वाचून जुळवण्याचा छोटा प्रोग्रॅम लिहून घ्या.